दुकानाचा सर्व्हर बंद होताना का अडकतो?

रायगडच्या किनारपट्टीवरील बाजारपेठांत आता वहीखात्याची जागा बऱ्याच अंशी कॉम्प्युटरने घेतली आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर तर कापडवाला, किराणावाला, भांडीवाला अशा सर्वांनाच बिले व विवरणपत्रे कॉम्प्युटरवर करणे भाग पडले. ज्यांचा पसारा थोडा मोठा आहे त्यांच्याकडे बिलिंगचे दोन-तीन कॉम्प्युटर, त्यांच्यामागे एक सर्व्हर आणि त्या सर्व्हरला नेटवर्कच्या वायरने जोडलेली एक साठवणुकीची पेटी अशी मांडणी दिसते. या पेटीला बाजारात 'नॅस' म्हणतात. मशीनवर भरतकाम करणारे कारागीरही आपली डिझाइने आता अशाच पेटीत ठेवतात.

अशा मांडणीत एक तक्रार नेहमी ऐकू येते. रात्री दुकान वाढवताना सर्व्हर बंद करण्याचा हुकूम दिला, तरी तो बंद होत नाही. पडद्यावर चक्र फिरत राहते किंवा 'अमुक काम थांबण्याची वाट पाहत आहे' अशी इंग्रजी ओळ दिसते. पाच मिनिटे जातात, दहा जातात. शटर ओढायला उभा असलेला नोकर कंटाळतो आणि बटण दाबून धरतो, नाही तर मेन स्विचच पाडतो. एखाद्या सकाळी मग महिन्याभराच्या बिलांची फाइल उघडत नाही. मालक म्हणतो सर्व्हर खराब निघाला. दुरुस्तीवाला सांगतो नवीन घ्या.

नवीन सर्व्हर घेण्याआधी व्यापारी बंधूंनी हा दोष नीट समजून घ्यावा. पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो, नॅसही ठणठणीत असते. बिघाड असतो तो दोघांच्या बंद होण्याच्या क्रमात.

नॅस म्हणजे समोरचे गोदाम

आपल्या धंद्यातील उदाहरण घेऊ. दुकान रस्त्याच्या एका बाजूला आणि गोदाम दुसऱ्या बाजूला आहे. दुकानात मोजका माल, बाकीचे तागे गोदामात. गिऱ्हाइकाने माल मागितला की नोकर रस्ता ओलांडून जातो आणि आणून देतो. गिऱ्हाइकाला वाटते सगळा माल दुकानातच आहे.

सर्व्हर हे दुकान, नॅस हे गोदाम आणि मधली नेटवर्कची वायर व स्विच हा रस्ता. सर्व्हर सुरू होताना नॅसमधील एखादा कप्पा आपल्या अंगाला असा जोडून घेतो की तो स्वतःच्याच डिस्कचा भाग वाटावा. या जोडण्याला 'माउंट' करणे म्हणतात आणि सोडवण्याला 'अनमाउंट'. विंडोज वापरणारे यालाच 'नेटवर्क ड्राइव्ह जोडला' असे म्हणतात.

ही जोडणी दोन पद्धतींनी जास्त होते. पहिली एनएफएस. ती अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली आणली आणि लिनक्स सर्व्हरवर ती अधिक चालते. दुसरी एसएमबी. तिची सुरुवात १९८० च्या दशकात आयबीएममध्ये झाली आणि पुढे ती विंडोजबरोबर घरोघरी पोचली. तिसरी आयस्कझी नावाची पद्धत मोठ्या ठिकाणी दिसते. तिच्यात नॅसचा तुकडा सर्व्हरला चक्क आपली स्वतःची डिस्क म्हणून दिसतो.

सर्व्हर अडकतो तो का?

आता रात्री दुकान वाढवण्याची वेळ झाली. दिवसभर विकून उरलेले तागे गोदामात ठेवायचे आहेत, म्हणून नोकर निघाला. पण तो पोचण्यापूर्वीच कोणी रस्ता बंद केला किंवा गोदामाला कुलूप घातले, तर नोकराने काय करावे? त्याला सांगून ठेवले आहे की माल आत ठेवल्याशिवाय परत यायचे नाही. तो तेथेच उभा राहतो. इकडे दुकानदार त्याच्या वाटेकडे डोळे लावून शटर अर्ध्यावर धरून उभा. यालाच सर्व्हर अडकणे म्हणतात.

सर्व्हर जे लिहितो ते सगळे लगेच डिस्कवर जात नाही. थोडे आधी मेमरीत साठते आणि सवडीने पुढे पाठवले जाते. बंद होताना हे उरलेले लिखाण नॅसकडे पाठवून मगच जोडणी सोडायची असते. त्या क्षणी नेटवर्क आधीच बंद झाले असेल किंवा नॅस झोपी गेली असेल, तर सर्व्हर उत्तराची वाट पाहत बसतो.

एनएफएसचा हा स्वभाव मुद्दाम ठेवलेला आहे. नॅस मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाली तरी सर्व्हरने काम न सोडता थांबावे आणि ती उठली की जेथे थांबले तेथून पुढे चालू करावे, असा विचार करून ही पद्धत बांधली गेली. दिवसा चालू धंद्यात हा गुण आहे, कारण लिखाण हरवत नाही. रात्री बंद करताना तोच गुण अडचण होऊन बसतो.

या वागण्याला 'हार्ड' जोडणी म्हणतात आणि वेगळे काही सांगितले नाही तर एनएफएस हार्डच असते. दुसरा प्रकार 'सॉफ्ट'. यात नोकराला सांगितलेले असते की ठरावीक हाका मार, दार उघडले नाही तर परत ये. सर्व्हर अडकत नाही, पण हातातला माल गोदामात गेलेला नसतो. अनेक दुरुस्तीवाले तक्रार मिटवण्यासाठी सरसकट सॉफ्ट करून देतात. फोटो, डिझाइने किंवा जुनी बिले फक्त वाचायची असतील तर हरकत नाही. ज्या कप्प्यात रोजचा हिशेब लिहिला जातो तो मात्र सॉफ्ट करू नये. उधारीची एखादी नोंद गुपचूप गळाली तर गिऱ्हाइकाशी भांडण आपले होते, दुरुस्तीवाल्याचे होत नाही.

आपल्या किनाऱ्यावर हा दोष जास्त का?

पुण्या-मुंबईच्या कार्यालयात वीज सहसा जात नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल याचा नेम नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड भागात विजेचे खांब मोठ्या संख्येने पडले आणि अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि जुलै २०२१ मध्ये महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा भागात सर्व्हर रात्री आपल्या हाताने बंद होण्यापेक्षा वीज गेल्यावर यूपीएसच्या सांगण्यावरून बंद होण्याचे प्रसंग अधिक. नेमक्या त्याच वेळी अडकणे सर्वांत महाग पडते.

याचे एक कारण फार साधे असते. मालकाने सर्व्हरला यूपीएस घेतला, नॅसही त्याच्यावर लावली. पण दोघांच्या मधला छोटा नेटवर्क स्विच भिंतीवरच्या साध्या प्लगमध्ये राहिला. हजार-दीड हजाराची वस्तू म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. वीज जाताच दुकान उजेडात, गोदाम उजेडात आणि मधला रस्ता गायब. सर्व्हर चालू आहे, नॅस चालू आहे, पण एकमेकांना हाक पोचत नाही. यूपीएसची बॅटरी संपत आली की सर्व्हर बंद व्हायला निघतो आणि तेथेच अडकतो.

हिशेब मांडून पाहू. समजा यूपीएस भरलेल्या बॅटरीवर १० मिनिटे चालतो आणि ३ मिनिटे उरली की सर्व्हरने बंद व्हावे असे ठरवले आहे. आजच्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर कोणतेही काम थांबण्यासाठी साधारण ९० सेकंद वाट पाहिली जाते. बिलिंगची फाइल नॅसवर उघडी आहे, तिची वाट ९० सेकंद. नंतर जोडणी सोडवण्याची वाट आणखी ९० सेकंद. तीन मिनिटे येथेच संपली. त्यानंतर शेवटची आवराआवर सुरू होण्याआधी यूपीएस बोलायचा बंद होतो. मालक समजतो की यूपीएस होता, म्हणजे सर्व्हर नीट बंद झाला असेल. प्रत्यक्षात तो मेन स्विच पाडल्यासारखाच बंद झालेला असतो.

दुसरा प्रकार असा की नॅस आणि सर्व्हर दोघेही यूपीएसचा एकच इशारा ऐकतात. नॅस हलकी असल्याने ती चटकन आवरून झोपते. सर्व्हर मागे राहतो आणि कुलूप लागलेल्या गोदामासमोर उभा राहतो.

तिसरे कारण खाऱ्या हवेचे. समुद्राजवळच्या दुकानांत नेटवर्कच्या खोबणीतील धातूची पाती काळवंडतात, जोडणी मधूनमधून तुटते आणि बंद करताना अडकण्याचे प्रमाण वाढते.

जबरदस्तीने बंद केले तर?

आजच्या फाइल-व्यवस्था आपल्या कामाची एक आगाऊ नोंदवही ठेवतात. त्यामुळे अचानक वीज गेली तरी कप्प्याची बांधणी सहसा टिकते. पण बांधणी टिकली म्हणजे आतला शेवटचा माल टिकला असे नाही. जे लिखाण मेमरीत होते ते गेलेच. शिवाय हिशेबाच्या प्रोग्रामची फाइल अर्धी लिहिलेली राहिली तर ती पूर्ण फाइलच उघडण्यास नकार देऊ शकते.

जीएसटीच्या कायद्यात कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. अधिकाऱ्यासमोर 'कॉम्प्युटर अडकला होता' हे उत्तर चालत नाही. आणि उधारीची यादी तर आपल्याकडे ठेवलेली लोकांची अमानत आहे. कोणाचे किती येणे, कोणी किती दिले, यात एका ओळीची गफलतही वर्षांचे संबंध बिघडवते.

तपासणी क्रमाने करावी

१) आधी सर्व्हर बंद न करता पाहावे. लिनक्सवर 'डीएफ' हा डिस्कची जागा दाखवणारा हुकूम द्यावा. तो लगेच यादी देत असेल तर जोडणी जिवंत आहे. मध्येच थबकला तर नॅसचा कप्पा उत्तर देत नाही असे समजावे. विंडोजवर नेटवर्क ड्राइव्ह उघडून पाहावा.

२) नॅस उत्तर देत असेल तर तिचा कप्पा कोणी धरून ठेवला आहे ते शोधावे. लिनक्सवर 'फ्युजर' आणि 'एलएसओएफ' हे हुकूम उघड्या फाइली व त्या धरून बसलेले प्रोग्राम दाखवतात. कित्येकदा बिलिंगच्या एखाद्या कॉम्प्युटरवर हिशेबाचा प्रोग्राम उघडाच राहिलेला असतो किंवा बॅकअप चालू असतो.

३) मागच्या वेळी बंद होताना काय झाले याची नोंद सर्व्हरकडे असते. 'जर्नलसीटीएल' या हुकुमाने मागच्या फेरीची नोंद वाचता येते, मात्र नोंदी कायम ठेवण्याची सोय आधी चालू केलेली असावी. त्यात नेटवर्क थांबल्याची ओळ आधी आणि कप्पा सोडवल्याची ओळ नंतर असेल तर क्रम उलटा आहे हे सिद्ध झाले.

४) सर्व्हर नेटवर्कला वायरने जोडला आहे की वायफायने, हे पाहावे. वायफायची जोडणी एखाद्या वापरणाऱ्याच्या नावावर असेल तर तो बाहेर पडताच ती तुटते आणि नॅसचा कप्पा सोडवायचा राहून जातो.

५) नॅस नावाने शोधली जाते की पत्त्याच्या आकड्याने, हेही विचारावे. नावाचा पत्ता सांगणारा राउटर आधी बंद झाला तर सर्व्हर नाव शोधण्यातच वेळ घालवतो.

उपाय

नेटवर्क बंद होण्यापूर्वी कप्पा सुटला पाहिजे. हा मुख्य उपाय, बाकीचे त्याला मदत करणारे. लिनक्समध्ये जोडण्यांची यादी 'एफएसटॅब' नावाच्या फाइलीत असते. तेथे जोडणीपुढे 'नेटडेव्ह' हा शब्द, आधी अंडरस्कोर लावून, लिहिला की सर्व्हरला कळते की हा कप्पा नेटवर्कवरचा आहे. एनएफएस व एसएमबी हे प्रकार आजचा लिनक्स आपण होऊन ओळखतो. परंतु आयस्कझीचा तुकडा त्याला घरच्या डिस्कसारखा दिसतो, म्हणून तेथे हा शब्द न लिहिल्यास क्रम हमखास चुकतो.

दुसरा उपाय 'ऑटोमाउंट'चा. यात कप्पा गरज लागली तेव्हाच जोडला जातो आणि ठरावीक वेळ कोणी न वापरल्यास सुटतो. जो कप्पा दिवसातून एकदाच बॅकअपसाठी लागतो, तो रात्रभर जोडून ठेवण्याचे कारण नाही.

तिसरा उपाय मुदतीचा. एनएफएसमध्ये 'टाइमओ' नावाचा आकडा असतो. तो सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. ६०० लिहिले तर ६० सेकंद होतात. पुष्कळजण ३० सेकंद समजून ३० लिहितात आणि प्रत्यक्षात ३ सेकंदांची मुदत होते. मग नॅस थोडी रेंगाळली तरी गोंधळ उडतो. दुरुस्तीवाल्याकडून हा आकडा वाचून घ्यावा.

सर्व्हर अडकलेलाच असेल आणि आत जाता येत असेल, तर आधी नॅस किंवा स्विच पुन्हा चालू करून पाहावे. हार्ड जोडणीत नॅस उठताच अडकलेले लिखाण पूर्ण होते आणि सर्व्हर पुष्कळदा आपोआप बंद होतो. म्हणजे बटण दाबण्याआधी स्विचचा दिवा पाहावा. ते शक्य नसेल तर अनमाउंटला जबरदस्तीचा किंवा 'लेझी' म्हणजे सैल सोडण्याचा पर्याय आहे. सैल सोडल्याने कप्पा नजरेआड होतो, पण उरलेले लिखाण पोचले असे नाही. म्हणून तो शेवटचाच मार्ग मानावा.

विंडोजवर हिशेबाचा प्रोग्राम आधी सर्व कॉम्प्युटरवर बंद करावा, नंतर नेटवर्क ड्राइव्हवरील उघड्या फाइली बंद कराव्यात आणि मगच मशीन बंद करावे. 'हा प्रोग्राम बंद होण्यास अडथळा करीत आहे' अशी सूचना आली तर घाईने 'तरीही बंद करा' दाबू नये. नाव वाचावे, तो प्रोग्राम उघडून नीट बंद करावा.

बंद करण्याचा क्रम भिंतीवर लिहून ठेवावा

रोज रात्री : प्रथम बिलिंगचे कॉम्प्युटर, नंतर सर्व्हर, सर्व्हरचा दिवा विझल्यावर नॅस आणि सर्वांत शेवटी स्विच व राउटर. सकाळी याच्या उलट : आधी स्विच, मग नॅस, ती पूर्ण उठल्यावर सर्व्हर, नंतर कॉम्प्युटर.

वीज गेल्यावरही हाच क्रम पाळला जावा म्हणून तीन गोष्टी कराव्यात. स्विच आणि राउटर यूपीएसवर घ्यावेत. बॅटरी अर्धी असतानाच सर्व्हरला बंद होण्याचा इशारा मिळावा असे ठरवावे, शेवटच्या तीन मिनिटांवर विसंबू नये. आणि नॅसला सर्व्हरनंतर काही मिनिटांनी बंद होण्यास सांगावे. बहुतेक नॅसमध्ये यूपीएसची ही मुदत लिहिण्याची जागा असते. घरगुती इन्व्हर्टर वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की वीज जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात स्विच पुन्हा सुरू होऊ शकतो. तो क्षण पेलण्यासाठी त्याला छोटा यूपीएस वेगळा द्यावा.

या सर्वांबरोबर बॅकअप हवाच. नॅस हा बॅकअप नव्हे, ते गोदाम आहे. गोदामात पाणी शिरते हे महाडच्या व्यापाऱ्यांना सांगायला नको. हिशेबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, एक प्रत दुकानाबाहेर, शक्यतो दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवरील साठवणुकीत असावी.

शेवटी, वायरमन किंवा दुरुस्तीवाला 'आता सर्व ठीक आहे' म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नये. एखाद्या सुट्टीच्या दुपारी, ताजा बॅकअप घेऊन, दुकानातली वीज मुद्दाम बंद करावी आणि घड्याळ हातात घेऊन पाहावे : सर्व्हर किती मिनिटांत बंद झाला, नॅस त्यानंतर गेली की आधी, आणि त्या वेळी यूपीएसमध्ये किती बॅटरी उरली. हे तीन आकडे वहीत लिहावेत. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, ही परीक्षा दरवर्षी घ्यावी, कारण यूपीएसची बॅटरी जुनी होत जाते आणि गेल्या वर्षीची दहा मिनिटे यंदा सहाच उरलेली असतात.